"नुसती उभी होती हो": नाशिकमध्ये विनानोंदणी मोटारसायकल उचलली गेली तर काय करायचं

भाच्याचा फोन आला तेव्हा सकाळचे साडेअकरा झाले होते. "मामा, गाडी जागेवर नाहीये." कॉलेज रोडला रस्त्याच्या कडेला मोटारसायकल लावून तो क्लासची चौकशी करायला गेला आणि पाऊण तासाने आला तर जागा रिकामी. आधी चोरीचीच शंका आली. मग शेजारच्या चहावाल्याने सांगितलं की टोइंगची गाडी आली होती, पाठीमागे नंबर दिसला नाही म्हणून उचलून नेली. गाडी पुण्यात घेतलेली, कागदावर नाशिकचा पत्ता. तात्पुरत्या नंबराचा चिकटवलेला कागद पावसात गळून गेला होता आणि त्या नंबराची मुदतही तीन आठवड्यांपूर्वी संपली होती. भाचा दिवसभर एकच सांगत होता, "पण मी चालवत नव्हतो, गाडी नुसती उभी होती हो."

त्यानंतर सिडकोतल्या आमच्या कॉलनीत अशा चार-पाच गाड्यांच्या कागदांसाठी मी हिंडलो. प्रत्येकाच्या तोंडी हेच वाक्य होतं. वाक्य खोटं नाही, पण त्याच्या भरवशावर राहिलेल्या माणसाचं नुकसान दंडापेक्षा किती तरी मोठं होऊ शकतं. म्हणून आधी कायदा काय म्हणतो ते सांगतो, मग पहिल्या तासापासून पक्का नंबर लागेपर्यंतचं सगळं.

उभ्या गाडीला कायदा काय म्हणतो

मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याच्या कलम ३९ प्रमाणे नोंदणी नसलेलं वाहन कुणी चालवायचं नाही आणि मालकाने कुणाला चालवू द्यायचं नाही, सार्वजनिक जागी तर नाहीच, "इतर कोणत्याही जागी" देखील नाही. शिक्षा कलम १९२ मध्ये आहे: पहिल्या वेळी कमीत कमी २,००० आणि जास्तीत जास्त ५,००० रुपये दंड. पुन्हा सापडलात तर ५,००० ते १०,००० रुपये दंड, एक वर्षापर्यंत कैद किंवा दोन्ही. कलम १९२ चालवणाऱ्यापुरतं थांबत नाही, वाहन "वापरू देणाऱ्यालाही" धरतं. मित्राने तुमची गाडी नेली आणि गंगापूर रोडला लावली, तरी तुम्ही मोकळे नाही.

कलम ३९ मध्ये शब्द "चालवणे" असाच आहे, उभं करणं नाही. या शब्दावर वाद घालता येतो, हे खरं. पण पोलिसाचा पुढचा प्रश्न सरळ असतो: ही गाडी इथे आली कशी? टेम्पोतून आणली असेल तर त्याचा काही पुरावा? मीटरवर ८०० किलोमीटर पडलेत, ते कसे? गाडी जप्त करण्याचा अधिकार देणाऱ्या कलम २०७ मध्येही "वापरली जात आहे" याच्या जोडीला "वापरली गेली आहे" हेही आहे. रस्त्यावर उभी असलेली गाडी बहुतेक वेळा चालवतच तिथे आणलेली असते, आणि ते नाकारायला तुमच्या हाती काही नसतं.

दुसरी बाजू पार्किंगची. धोकादायक किंवा अडथळा होईल अशा जागी वाहन सोडलं तर कलम १२२, मनाई असलेल्या जागी लावलं किंवा सार्वजनिक जागी दहा तास किंवा जास्त बेवारस सोडलं तर कलम १२७. या १२७ प्रमाणे गणवेशातला पोलीस अधिकारी गाडी उचलून नेण्याचा किंवा चाकाला जॅमर लावण्याचा आदेश देऊ शकतो, आणि उचलण्याचा खर्च दंडाव्यतिरिक्त मालकाकडून घेतला जातो. रविवार कारंजा, मेन रोड, शालिमार, सीबीएसचा परिसर या भागांत गाडी लावताना नंबर असलेल्याने सुद्धा फलक वाचावा. पुढे २०२७ चा सिंहस्थ आहे, तेव्हा पंचवटी आणि रामकुंडाच्या आसपास तर फार जपून.

म्हणजे एकाच उभ्या गाडीवर दोन वेगळ्या गोष्टी लागू शकतात: चुकीच्या जागी लावल्याची आणि नोंदणी नसल्याची. पहिली पाचशे रुपये दंड आणि उचलण्याच्या खर्चात मिटते. दुसरी तशी मिटत नाही, कारण तिचं खरं ओझं विम्यात आहे.

एका बोलेरोचा निकाल यासाठी माहीत असायला हवा. २०११ सालची नवी गाडी, तात्पुरती नोंदणी १९ जुलैपर्यंतची. मुदत संपली, पक्की नोंदणी झाली नव्हती, आणि मालक गाडी घेऊन जोधपूरला गेला. २८ जुलैच्या रात्री गेस्ट हाऊसच्या बाहेर उभी असताना ती चोरीला गेली. विमा होता, हप्ता भरलेला होता. कंपनीने दावा फेटाळला. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने मालकाच्या बाजूने कौल दिला, पण ३० सप्टेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो उलटवला. चोरीच्या क्षणी गाडी उभी होती हा मुद्दा मालकाला तारू शकला नाही. वैध नोंदणी नसताना ती रस्त्यावर चालवून दुसऱ्या शहरात नेली होती आणि आपल्या जागेबाहेर रात्रभर लावली होती, हा विम्याच्या अटींचा मूळ भंग ठरला. त्याआधी २०१४ मध्येही तात्पुरती नोंदणी संपलेल्या गाडीच्या अपघातात याच न्यायालयाने कंपनीचा नकार योग्य ठरवला होता.

भाच्याला हे सांगितल्यावर तो गप्प झाला. सव्वा लाखाची गाडी, निम्मं कर्ज. टोइंगवाल्यांऐवजी चोराने उचलली असती तर हप्ते सुरू आणि गाडी नाही, अशी वेळ आली असती. दंडाची पावती त्या मानाने स्वस्त पडली.

पहिला तास

गाडी जागेवर नसेल तर थेट चोरीची तक्रार द्यायला धावू नका. आधी आसपासच्या दुकानदारांना विचारा. टोइंगवाले उचलताना जमिनीवर खडूने काही लिहून जातात का तेही बघा. मग वाहतूक शाखेकडे किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात चौकशी करा, सुचेना तर ११२ ला फोन करा. उचलल्याची नोंद कुठेच नाही अशी खात्री झाली, तरच चोरीची फिर्याद, आणि तीही त्याच दिवशी.

गाडी डोळ्यांसमोर उचलत असतील तर किल्ली हिसकावणं, गाडीवर बसून राहणं, आवाज चढवणं यातून काहीच साधत नाही आणि सरकारी कामात अडथळ्याचा वेगळा गुन्हा अंगावर येतो. शांतपणे मोबाइलवर चारही बाजूंनी फोटो घ्या. मीटरचा आकडा, टाकीवरचे ओरखडे, आरसे, इंडिकेटर, डिकीतलं सामान. परत मिळताना काही मोडलेलं असेल तर हेच फोटो दाखवायला होतात. गाडी कुठे नेताय हे विचारून लिहून ठेवा.

मग चलनाची प्रत मागा. नंबर नसलेल्या गाडीचं चलन करताना चेसिस नंबर किंवा तात्पुरता नंबर विचारला जाऊ शकतो. तो पाठ नसतो. मोटारसायकलचा चेसिस नंबर हँडलच्या खाली, मानेच्या पट्टीवर कोरलेला असतो, इंजिन नंबर इंजिनच्या खोक्यावर. बिलाचा आणि विम्याच्या पॉलिसीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवलेला असेल तर दोन्ही तिथेच सापडतात. भाच्याकडे बिल पुण्याच्या खोलीत कुलपात होतं. त्यात आमचा एक अख्खा दिवस गेला.

पैसे द्यायचे तर पावतीवरच. "इथेच मिटवू" असं कुणी म्हटलं, मग तो गणवेशात असो वा गणवेशाबाहेर, तरी नकार द्या. पावती नसलेल्या पैशाने गाडी सुटते, पण कागदावर ती तशीच विनानोंदणी राहते आणि पुढच्या चौकात पुन्हा अडकते.

चलन नीट वाचा

चलन म्हणजे एक आकडा नव्हे, कलमांची यादी असते. तुमच्याकडे जे होतं ते नसल्याचं लिहिलं असेल तर तिथेच सांगा आणि कागद दाखवा. डिजिलॉकर आणि एमपरिवाहन या सरकारी ॲपमधले कागद २०१८ पासून मूळ कागदांइतकेच ग्राह्य आहेत. व्हॉट्सॲपवर आलेला फोटो त्यात मोडत नाही.

कलम ३९ आणि १९२ म्हणजे नोंदणी. कलम १२२ किंवा १२७ च्या जोडीला १७७ म्हणजे पार्किंग, पहिल्या वेळी ५०० आणि नंतर १,५०० रुपयांपर्यंत. कलम १४६ आणि १९६ म्हणजे विमा नाही, पहिल्या वेळी २,००० रुपये किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. हे १९६ नव्या गाडीवर दिसलं तर जरूर तपासा. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा तृतीय पक्ष विमा सक्तीचा आहे, म्हणजे शोरूममधून निघालेल्या गाडीला तो असायलाच हवा, फक्त पॉलिसीवर नंबराच्या जागी "नवीन" असं लिहिलेलं असतं. कलम १९०(२) म्हणजे पीयूसी. पहिल्या नोंदणीच्या तारखेपासून एक वर्ष पीयूसी लागत नाही, त्यामुळे नव्या कोऱ्या गाडीच्या चलनात ते घुसलं असेल तर हरकत घ्या.

आणखी एक फरक. गाडीची नोंदणी झालेली आहे, फक्त नंबर प्लेट तुटली, गळली किंवा अजून बसवलेली नाही, अशी स्थिती असेल तर ती विनानोंदणी गाडी नव्हे. प्लेट नियमाप्रमाणे नसण्याचा दंड वेगळा आणि बराच कमी आहे. गडबडीत १९२ लावलं गेलं असेल तर एमपरिवाहनमध्ये आरसी, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्र, उघडून दाखवा. १ एप्रिल २०१९ नंतरच्या सगळ्या नव्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबर प्लेट सक्तीची आहे, त्यामुळे चौकातल्या रंगाऱ्याकडून रंगवून घेतलेली प्लेट हा उपाय नाही.

तुमची गाडी कोणत्या प्रकारची विनानोंदणी आहे

हे ओळखल्याशिवाय आरटीओत जाऊ नका, नाहीतर या खिडकीवरून त्या खिडकीवर फिरत राहाल.

सगळ्यात जास्त दिसते ती शोरूममधून नंबराशिवाय घरी आलेली गाडी. पाडव्याला किंवा दसऱ्याला गाडी दारात हवीच असते. पूजा करायची, पेढे वाटायचे, नंबर येईल मागाहून. इथे लोकांना माहीत नसलेली गोष्ट ही की २०१९ च्या दुरुस्तीनंतर नव्या गाडीच्या नोंदणीचा अर्ज विक्रेत्यानेच करायचा असतो, आणि नंबर गाडीवर लागल्याशिवाय ती गिऱ्हाइकाच्या ताब्यात द्यायचीच नसते. कलम ४१ मध्ये हे स्पष्ट लिहिलेलं आहे. मुहूर्त साधायचा तर दोन-तीन आठवडे आधी पैसे भरा, नंबर लावून घ्या, आणि त्या दिवशी फक्त ताबा घ्या. चॉइस नंबरसाठी थांबायचं असेल तर गाडीलाही शोरूममध्येच थांबू द्या.

दुसरी, भाच्यासारखी: एका शहरात घेतलेली, दुसऱ्या शहरात नोंदवायची, मधल्या काळासाठी तात्पुरता नंबर. त्या कागदावर शेवटची तारीख छापलेली असते. ती मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये आठवडाभर आधीचा गजर लावून टाका.

तिसरी म्हणजे वडिलांची जुनी स्प्लेंडर. आरसी पंधरा वर्षांची असते आणि ती संपली की गाडीला नंबर दिसत असला तरी कायद्याच्या नजरेत नोंदणी संपलेली असते. हा प्रकार फार मोठा आहे, कारण मालकाला पत्ताच नसतो. आजच आरसी काढा, "नोंदणी वैध" ही तारीख बघा. एमपरिवाहनमध्ये नंबर टाकला तरी दिसते.

चौथी, मालक वारला आणि गाडी घरातच वापरात आहे. वारसाने मृत्यूनंतर तीस दिवसांच्या आत आरटीओला कळवलं तर तीन महिने ती गाडी वापरता येते, आणि तेवढ्या काळात फॉर्म ३१ भरून नाव बदलून घ्यायचं. दुःखाच्या दिवसांत हे कुणाच्या ध्यानात येत नाही. घरातल्या धाकट्याने हे काम अंगावर घ्यावं.

पाचवी, सेल्व्हासा किंवा वलसाडकडून स्वस्तात आणलेली सेकंडहँड गाडी. पेठ आणि हरसूलच्या बाजूने अशा बऱ्याच गाड्या इकडे येतात. तिला नंबर आहे, पण मूळ आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, नसेल तर इथे तुमच्या नावावर होत नाही. विकणाऱ्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेतल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. दुसऱ्या राज्याच्या नंबरावर महाराष्ट्रात बारा महिन्यांहून जास्त गाडी ठेवता येत नाही, नंतर इथला नंबर घ्यावा लागतो.

विजेवरच्या दुचाकीबद्दल थोडं. २५० वॉटपेक्षा कमी शक्ती आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेग असलेल्या गाडीला नोंदणी लागत नाही. दुकानदार तोंडी तसं सांगतो म्हणून विश्वास ठेवू नका, चाचणी संस्थेचं प्रमाणपत्र मागून घ्या. वेग वाढवून दिलेली गाडी या सवलतीतून बाहेर पडते.

दंड भरायचा की न्यायालयात जायचं

कलम २०० प्रमाणे तडजोड रक्कम, म्हणजे न्यायालयात न जाता भरायचा दंड, भरली की त्या गुन्ह्यापुरतं प्रकरण संपतं, पुढे खटला चालत नाही. चूक खरोखर तुमची असेल तर माझा सल्ला सरळ आहे: भरून टाका. ऑनलाइन महाट्रॅफिक ॲपवर किंवा ई-चलनाच्या संकेतस्थळावर भरा, पावती जपून ठेवा, आणि वाचलेला वेळ नोंदणीला द्या.

लढायचं ते पुरावा हातात असेल तेव्हाच. गाडी टेम्पोतून आणली होती आणि भाड्याची पावती आहे. गाडी सोसायटीच्या आवारात होती, रस्त्यावर नव्हती, आणि फोटोत ते दिसतंय. त्या दिवशी नोंदणी वैध होती, फक्त यंत्रात जुनी माहिती होती. असं काही असेल तर आधी ॲपमधल्या तक्रारीच्या सोयीतून कागद जोडून हरकत नोंदवा. तिथे ऐकलं गेलं नाही तर सीबीएससमोरच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात प्रकरण कुठे लागलंय ते विचारा. राष्ट्रीय लोकअदालतीत प्रलंबित चलनंही घेतली जातात, त्याची नोटीस आली तर टाळू नका.

आवारातल्या गाडीबद्दल लोक हमखास विचारतात. वाहतूक पोलीस कलम १२७ ची टोइंग सार्वजनिक जागी करतात, तुमच्या वाड्याच्या अंगणात किंवा सोसायटीच्या वाहनतळात नाही. म्हणून नंबर लागेपर्यंत गाडी घराच्या आत ठेवणं हाच खरा बचाव. फाटकाबाहेर, नाल्याच्या कडेला, मोकळ्या प्लॉटसमोर लावलेली गाडी मात्र रस्त्यावरचीच धरली जाते.

गाडी सोडवताना

कलम २०७ खाली गाडी जप्त झाली असेल तर मालकाने कागदांसह अर्ज करायचा आणि कागद पडताळून गाडी सोडायची, अशी तरतूद आहे. अर्ज साध्या कागदावर चालतो: गाडीचा प्रकार, चेसिस आणि इंजिन नंबर, कधी, कुठून उचलली, चलनाचा क्रमांक, दंड भरल्याची पावती, आणि "नोंदणी होईपर्यंत गाडी रस्त्यावर चालवणार नाही" अशी हमी. जोडायचे कागद म्हणजे बिल, विक्री प्रमाणपत्र, विमा, तात्पुरती नोंदणी असेल तर ती, आधार, लायसन्स. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि सही घ्या. हा शिक्का पुढे उपयोगी पडतो.

नंबर नसलेल्या गाडीकडे पोलीस चोरीच्या संशयानेही बघतात, आणि त्यात त्यांचं चुकत नाही. चोर सगळ्यात आधी प्लेटच काढतो. बिल दाखवता आलं नाही तर संशयित मालमत्ता म्हणून गाडी पोलीस ठाण्यात जमा होऊ शकते, आणि मग ती सोडवायला न्यायदंडाधिकाऱ्यांकडे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली अर्ज करावा लागतो. अशा वेळी वकील घ्या. जप्त वाहनं पोलीस ठाण्याच्या आवारात गंजत ठेवू नयेत, योग्य हमी घेऊन लवकर सोडावीत, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सांगितलेलं आहे. वकिलाला हे माहीत असतं, तरी तुम्हीही माहीत ठेवा.

गाडी हातात आली की तिथून चालवत नेऊ नका. दंड भरला म्हणजे नोंदणी झाली असं नाही, आणि पुढच्या सिग्नलला तीच गाडी पकडली तर तो दुसरा गुन्हा, कैदेची तरतूद असलेला. छोटा हत्ती बोलवा, मोटारसायकल दोरीने बांधून घरी न्या. आम्ही तेच केलं. भाच्याला भाडं जड वाटलं, पण त्याच्यापुढे कलम १९२ चं दुसरं वाक्य मोठ्याने वाचलं.

पेठ रोडला: नोंदणी पूर्ण करणं

नाशिक शहराचं आरटीओ पंचवटीत पेठ रोडला आहे, नंबर एमएच १५. मालेगावचा नंबर एमएच ४१, त्यामुळे मालेगाव, सटाणा बाजूचा पत्ता असेल तर आधी आपलं कार्यालय कोणतं ते बघून घ्या. जायच्या आधी परिवाहनच्या संकेतस्थळावर अर्ज भरा, शुल्क भरा, वेळ घ्या. हे केल्याशिवाय गेलेला माणूस फाटकाबाहेरच्या एजंटच्या हाती लागतो.

नव्या गाडीसाठी फॉर्म २० हा मुख्य अर्ज. त्याला जोडायचं विक्री प्रमाणपत्र म्हणजे फॉर्म २१, रस्त्यायोग्यतेचं फॉर्म २२, बिल, विमा, पत्त्याचा पुरावा, आधार, पॅन, तात्पुरती नोंदणी, आणि कर्ज असेल तर बँकेचे कागद. यातले फॉर्म २१ आणि २२ विक्रेत्याकडूनच मिळतात. नोंदणीचं शुल्क मोटारसायकलला ३०० रुपये, बाकी मोठी रक्कम एकरकमी रस्ता कराची, ती किमतीवर ठरते. विजेवरच्या गाडीला नोंदणीचं शुल्क २०२१ पासून माफ आहे. चेसिस प्रिंट घरीच घेऊन ठेवा: कोरलेल्या नंबरावर पेन्सिल घासायची, वर पारदर्शक चिकटपट्टी दाबायची, उचलून कागदावर लावायची. दोन-तीन प्रती करा, एक हमखास पुसट येते.

विक्रेता टाळाटाळ करत असेल तर फोन करत बसू नका. आमच्या प्रकरणात पुण्याच्या शोरूमकडून विक्री प्रमाणपत्रावर नावाचं स्पेलिंग चुकलं होतं, आणि दीड महिना "उद्या पाठवतो" चालू होतं. शेवटी ईमेल लिहिला: बिलाची तारीख, काय मिळालं नाही, सात दिवसांची मुदत, आणि त्या चुकीमुळे भरलेल्या दंडाची पावती सोबत. पाचव्या दिवशी दुरुस्त कागद कुरियरने आला. ईमेलनेही हललं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. लेखी तारीख नसलेली तक्रार तिथे उभी राहत नाही.

पंधरा वर्षं झालेल्या गाडीसाठी फॉर्म २५. मुदत संपण्याच्या साठ दिवस आधीपासून अर्ज करता येतो, आणि नूतनीकरण पाच वर्षांचं मिळतं. शुल्क १,००० रुपये, वीस वर्षांपेक्षा जुन्या मोटारसायकलला २,०००. उशिरासाठी केंद्रीय नियमांत दर महिन्याला, महिना अपुरा असला तरी, ३०० रुपये आहेत. चौदा महिने उशीर झाला तर ४,२०० रुपये नुसते उशिराचे. वर पर्यावरण कर. पीयूसी आणि विमा चालू लागतो आणि गाडी निरीक्षकाला दाखवावी लागते, तेव्हा दिवे, हॉर्न, इंडिकेटर, आरसे आणि टायर आधी गॅरेजात बघून घ्या. नोंदणी संपलेली गाडी तपासणीलाही टेम्पोतूनच नेलेली बरी. "आरटीओलाच चाललोय" हे सांगून पेठ रोडला पोचता येईल, पण कलम ३९ मध्ये अशी सूट लिहिलेली नाही.

हिशेब जुळत नसेल, गाडीचं मोल दुरुस्ती आणि शुल्काहून कमी असेल, तर ती फाटकाबाहेर सडवू नका. नोंदणीकृत भंगार केंद्रात द्या, ठेव प्रमाणपत्र, म्हणजे गाडी जमा केल्याचा दाखला, घ्या आणि आरटीओत नोंदणी रद्द करून घ्या. भंगारवाल्याला रोखीत दिलेली गाडी उद्या कुठल्या गुन्ह्यात सापडली तर पोलीस तुमच्याच दारात येतात, कारण कागदावर मालक तुम्हीच असता.

नंबर लागला त्या दिवशी

दोन कामं बाकी राहतात आणि दोन्ही विसरली जातात. विम्याच्या पॉलिसीवर "नवीन" लिहिलेलं आहे, तिथे खरा नंबर चढवून घ्यायचा. विमा कंपनीला आरसीची प्रत पाठवायची आणि बदललेली पॉलिसी परत मागून घ्यायची. दुसरं, आरसीला कोणता मोबाइल नंबर जोडलेला आहे ते परिवाहनवर तपासायचं. शोरूमवाले घाईत स्वतःचाच नंबर टाकतात, आणि मग तुमच्या गाडीची चलनं वर्षभर दुसऱ्याच्या फोनवर जात राहतात. भाच्याच्या आरसीला शोरूममधल्या पोराचाच नंबर निघाला. पेठ रोडवरून निघण्याआधी आम्ही तो बदलण्याचा अर्ज भरला.